वाहनसंवाद : गाडी खाली आणायची आहे, पण आईची कंबर दुखायला नको

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे गाडीच्या उंचीविषयी आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण उरलेल्या पत्रांतील शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझ्याकडे 2016 सालची फोक्सवॅगन पोलो जीटी आहे. गाडी मनापासून आवडते, पण चाक आणि वरची कमान यांच्यामध्ये चार बोटे सहज जातील एवढी फट आहे आणि ती डोळ्यांना खटकते. म्हणून गाडी 30 ते 40 मिलीमीटर खाली आणण्याचा विचार आहे. एका गॅरेजवाल्यांच्या मते केवळ स्प्रिंग बदलल्या की काम झाले. दुसऱ्यांनी कॉइलओव्हर घ्यायला सांगितले. माझा मित्र म्हणतो, आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा कापून टाक, खर्चच नाही. अडचण अशी की गाडीतून माझी आईही प्रवास करते. तिचे वय 70 असून तिला कमरेचे दुखणे आहे. कोथरूड ते हिंजवडी हा माझा रोजचा रस्ता, आणि महिन्यातून एकदा पसरणी घाटातून पाचगणीला जाणे होते. गाडी खाली आणूनही आराम टिकवता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टिकवता येईल, पण 40 मिलीमीटर खाली आणून नव्हे, आणि आपल्याला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी एकही जसाच्या तसा पाळून नव्हे. तिघांनीही आपल्याला किती खाली आणायचे एवढेच विचारलेले दिसते. गाडी खाली बसल्यावर खड्ड्यात चाकाला वर सरकायला किती जागा उरेल, हे कोणी विचारले नाही, आणि आराम नेमका त्या जागेवर अवलंबून असतो.

चाक वर सरकते तेव्हा स्प्रिंग दाबली जाते, आणि ती पुरेशी दाबली गेली की बंप स्टॉप नावाचा फोमसारखा ठोकळा आडवा येतो. मूळ गाडीत चाकाला वर जायला 80 मिलीमीटर जागा आहे असे समजू. आपण गाडी 30 मिलीमीटर खाली आणली की तेवढी जागा चाकाने उभ्या उभ्याच वापरून टाकलेली असते आणि खड्ड्यासाठी 50 मिलीमीटर उरतात. (हे आकडे पोलोच्या माहितीपुस्तिकेतले नाहीत. त्या आकाराच्या गाडीला शोभतील असे, गणित समजावे म्हणून घेतले आहेत.) स्प्रिंगने पचवलेला धक्का हा ती किती दाबली गेली त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे 80 ऐवजी 50 मिलीमीटर मिळाले की तीच स्प्रिंग पूर्वीच्या केवळ 39 टक्के धक्का पचवू शकते. उरलेला 61 टक्के बंप स्टॉपवर जातो, आणि तिथून तो थेट गाडीच्या सांगाड्यात व आईच्या कमरेत. खाली आणलेल्या गाडीत बसलेला माणूस ‘सस्पेन्शन फार कडक आहे’ अशी तक्रार करतो, तेव्हा पुष्कळदा स्प्रिंग कडक नसतेच. ती संपलेली असते आणि गाडी बंप स्टॉपवर चालत असते.

मग स्प्रिंगच कडक करावी, म्हणजे ती संपणार नाही, असा विचार साहजिकच मनात येतो. 50 मिलीमीटरमध्ये पूर्वीइतकाच धक्का पचवायचा तर स्प्रिंग 2.56 पट कडक हवी. आता आरामाचे गणित पाहा. एका चाकावरचा भार 300 किलो आणि स्प्रिंगची कडकी दर मिलीमीटरला 20 न्यूटन धरली, तर गाडीचे शरीर स्प्रिंगवर सेकंदाला साधारण 1.3 वेळा झुलते. रोजच्या वापराच्या गाड्या 1 ते 1.5 या पट्ट्यात ठेवलेल्या असतात, कारण हा झोका चालण्याच्या झोक्याहून संथ असून शरीराला जाचत नाही. 2.56 पट कडक स्प्रिंग घातली की हाच आकडा 2.1 च्या आसपास जातो. तो खेळासाठी बांधलेल्या गाडीचा आकडा झाला. माणसाच्या धडाला उभ्या दिशेची थरथर सर्वांत जास्त जाणवते ती सेकंदाला 4 ते 8 या पट्ट्यात, आणि गाडी जितकी कडक, तितका रस्त्यावरचा खडबडीतपणा त्या पट्ट्यात वर चढतो. म्हणून व्यवहारात मधला मार्ग काढावा लागतो : स्प्रिंग 15 ते 30 टक्के कडक, उरलेले काम लांब व मऊ सुरुवातीच्या बंप स्टॉपकडे, आणि उतरवणी अशी की हा सौदा जमेल, म्हणजे 25, फार तर 30 मिलीमीटर. 40 मिलीमीटरचे गणित याच सूत्राने मांडून पाहावे. वर्ग असल्यामुळे शेवटचे दहा मिलीमीटर पहिल्या दहापेक्षा कितीतरी महाग पडतात.

‘गाडी जितकी खाली तितकी कडक’ हा मात्र निसर्गनियम नाही. 1955 साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली सिट्रोएन डीएस दिसायला जमिनीलगतची होती, आणि तरीही आरामाच्या बाबतीत तिचे नाव आजही घेतले जाते. तिच्यात पोलादी स्प्रिंगऐवजी दाबाखालचा नायट्रोजन होता, उंची स्वतःच सांभाळणारी द्रवाची यंत्रणा होती, आणि चाकाला वर-खाली सरकायला जागाही भरपूर ठेवली होती. त्या अभियंत्यांनी जागा आधी राखली आणि मग तिच्याभोवती गाडी आखली. आपल्याला तयार गाडीतून जागा काढून घ्यायची आहे. आपले काम उलट दिशेचे आणि म्हणून अवघड आहे.

आता तिन्ही सल्ल्यांकडे वळू. वेढा कापण्याचा सल्ला आधी निकालात काढतो. स्प्रिंगची कडकी तिच्या कार्यरत वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असते. सहापैकी एक वेढा कापला की ती 20 टक्के कडक होते. एवढ्यावर थांबले असते तर मी फार बोललो नसतो. पण कारखान्यात तयार झालेल्या स्प्रिंगचे टोक तिच्या बैठकीच्या आकाराला जुळवून वळवलेले असते आणि कापलेले टोक त्या खोबणीत बसत नाही. शिवाय गाडी मोठ्या खड्ड्यावरून जाताना चाक पूर्ण खाली लटकते तेव्हा आखूड झालेली स्प्रिंग सैल पडते आणि चाक परत वर येताना तिरकी बसू शकते. वेढा गॅस कटरने तापवून कापला तर पोलादाचे पाणीच उतरते, आणि अशी स्प्रिंग काही महिन्यांत दबून आखूड होते किंवा तुटते. तरुणपणी मी आणि माझ्या एका मित्राने त्याच्या वडिलांच्या पद्मिनीवर हा प्रयोग केला होता. गाडी आठवडाभर देखणी दिसली, मग डावीकडे कलली, आणि त्याच्या वडिलांनी आम्हा दोघांना त्या गाडीत बसू देणे बंद केले.

केवळ स्प्रिंग बदलण्याचा सल्ला अर्धवट आहे. स्प्रिंग गाडीला तोलते आणि शॉक ॲब्सॉर्बर तिचा झोका थांबवतो. स्प्रिंग 30 टक्के कडक झाली की झोका पूर्वीसारखाच आवरायला शॉकची पकड साधारण 14 टक्के वाढावी लागते. नवा शॉक ही वाढ कदाचित निभावून नेईल. पण आपली गाडी 2016 ची आहे आणि तिने हिंजवडीचे रस्ते पाहिले आहेत. मूळ शॉक आज पूर्ण ताकदीचे असतील असे मला वाटत नाही. थकलेल्या शॉकवर कडक स्प्रिंग चढवली की प्रत्येक गतिरोधकानंतर गाडी दोन-तीन वेळा उसळते. आईच्या कमरेला पहिल्या धक्क्यापेक्षा ही उसळीच जास्त जाचेल. दुसरा मुद्दा लांबीचा आहे. मूळ शॉकचा दांडा गाडीच्या मूळ उंचीसाठी मापलेला असतो. गाडी खाली बसली की तो कायम आत ढकललेल्या अवस्थेत काम करतो आणि तळ गाठण्याच्या जवळ राहतो. म्हणून उतरवलेल्या गाडीसाठी आखूड घडणीचे शॉक वेगळे बनवले जातात. बिल्स्टाइन या शॉक बनवणाऱ्या कंपनीच्या मालिकेत बी 8 हा शॉक नेमका याच कामाचा आहे, आणि आयबाख या स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीच्या प्रो-किट स्प्रिंगसह त्यांचा बी 12 नावाचा जुळवलेला संचही मिळतो. याच नावांचा आग्रह नाही. स्प्रिंग आणि शॉक एकमेकांसाठी मापलेले असावेत, एवढेच मला म्हणायचे आहे.

परदेशी संच घेताना एक फसगत होऊ शकते. पाकिटावर लिहिलेले ‘30 मिलीमीटर’ हे युरोपातील मूळ उंचीपासून मोजलेले असते. भारतातील पोलो आपल्या रस्त्यांसाठी युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली आहे. तिथली स्प्रिंग इथे बसवली तर गाडी तिथल्या उंचीवर येते, म्हणजे आपल्या दृष्टीने 30 पेक्षा जास्त खाली जाते. त्यामुळे चाकाच्या मध्यापासून कमानीच्या काठापर्यंतचे अंतर चारही बाजूंना आधी मोजून लिहून ठेवावे, आणि विक्रेत्याकडे बसवल्यानंतरचे हेच अंतर मागावे. त्याने पाकिटावरचाच आकडा परत वाचून दाखवला तर दुसरा विक्रेता शोधावा.

कॉइलओव्हर म्हणजे आट्यांच्या नळकांड्यावर स्प्रिंगची बैठक फिरवून उंची बदलता येणारा संच. त्यात दोन जाती आहेत. एका जातीत बैठक खाली फिरवली की गाडी उतरते आणि चाकाच्या वर जाण्याची जागाही तेवढीच कमी होते, म्हणजे मूळ दुखणे तसेच राहते. दुसऱ्या जातीत शॉकचे तळाचे तोंडच आट्यांवर फिरते. त्यामुळे गाडी उतरली तरी शॉकचा पल्ला पूर्ण राहतो, पण मग चाक वरच्या अस्तराला घासते की काय हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. चांगला कॉइलओव्हर आरामदायी असू शकतो. स्वस्तातले संच मात्र बहुधा देखाव्यासाठी जास्त कडक केलेले असतात, आणि त्यांच्या वरच्या टोकाला रबरी माउंटऐवजी धातूची गोळी असते. ती अचूकतेला चांगली, पण रस्त्याची कुरकुर थेट स्टिअरिंगपर्यंत आणते. आपल्या पावसात आट्यांमध्ये चिखल बसून त्या दोन वर्षांत जाम होतात आणि मग हवी तेव्हा उंची बदलण्याची सोय नावालाच उरते. आपला वापर पाहता मी ते सुचवणार नाही.

यापेक्षा टायरवर लक्ष द्यावे, कारण टायर हीच रस्त्याला भिडणारी पहिली स्प्रिंग आहे. आपल्या गाडीचा मूळ टायर 185/60 आर 15 (रुंदी 185 मिलीमीटर, भिंत रुंदीच्या 60 टक्के, रिम 15 इंची) असेल, तर त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची 111 मिलीमीटर भरते. गाडी खाली आणणारे बहुतेक जण त्यासोबत 205/40 आर 17 टायर चढवतात. त्याची भिंत 82 मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ तीन सेंटीमीटर हवेची गादी गेली. माझ्या अनुभवात ‘गाडी उतरवल्यावर कडक झाली’ या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी टायरच्या असतात. त्याऐवजी 195/55 आर 16 घेतला तर भिंत 107 मिलीमीटर राहते आणि टायरचा एकूण व्यास सुमारे 18 मिलीमीटरने वाढतो. गंमत अशी की त्यामुळे गाडीचे पोट जमिनीपासून 9 मिलीमीटर वर जाते, आणि तरीही टायर आणि कमान यांच्यातली फट 9 मिलीमीटरने कमी होते, कारण टायर आपल्या केंद्राभोवती वरही वाढलेला असतो. आपल्याला खटकते ती फट आहे. ती एक भाग स्प्रिंगने आणि एक भाग टायरने भरली, तर 20 ते 25 मिलीमीटरच्या उतरवणीतही गाडी 30 ते 35 मिलीमीटर उतरल्यासारखी दिसेल.

आता पोट घासण्याचा प्रश्न. आपल्या गाडीची मोकळी उंची सुमारे 165 मिलीमीटर आहे, आणि लोक समजतात की वैरी गतिरोधकच. नियमाने बांधलेला गतिरोधक मात्र निरुपद्रवी असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शिकेतील गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटीमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा आहे, आणि तो ताशी 25 किलोमीटरने ओलांडण्यासाठी आखलेला आहे. पोलोच्या दोन आसांमधले अंतर सुमारे 2.47 मीटर असल्यामुळे तिची पुढची व मागची चाके एकाच वेळी अशा गतिरोधकावर मावतात, आणि पोटाखालची जागा केवळ साडेचार सेंटीमीटरने कमी होते. खरा त्रास देतात ते गल्लीतले अरुंद, हौसेने घातलेले उंचवटे. ते दोन्ही चाकांच्या मध्ये सापडतात आणि त्यांची पूर्ण उंची पोटाला भिडते. पंधरा सेंटीमीटरचा असा उंचवटा उतरवलेली पोलो सोडाच, चार माणसे बसलेली मूळ पोलोही घासल्याशिवाय ओलांडणार नाही.

गतिरोधकाहून मला सोसायटीच्या तळघरातील उताराची जास्त काळजी वाटते. उताराचे प्रमाण सहाला एक असेल, तर वरच्या कडेवर गाडी तराजूसारखी टेकते त्या क्षणी पोटाखालची सुमारे 10 सेंटीमीटर जागा जाते. आठाला एक असेल तर पावणेआठ सेंटीमीटर जाते. आता बेरीज-वजाबाकी करा : 165 मधून चार माणसे आणि सामान यांचे 30 गेले, उतरवणीचे 30 गेले, 105 उरले, आणि उताराने 102 मागितले. तीन मिलीमीटरवर संसार चालत नाही. पैसे देण्यापूर्वी टेप घेऊन आपल्या इमारतीचा, ऑफिसचा आणि आईच्या डॉक्टरांच्या इमारतीचा उतार मोजावा. कड गोलसर केलेली असेल तर थोडी सवलत मिळते, टोकदार असेल तर उतरवणी 20 मिलीमीटरवर थांबवावी.

बसवताना फिटरकडून काही गोष्टी करवून घ्याव्यात. यातली एक बहुतेक ठिकाणी चुकते आणि म्हणून ती आधी सांगतो. पुढच्या आर्मचे आणि मागच्या बीमचे, म्हणजे चाकांना सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश गाडी लिफ्टवर टांगलेली असताना घट्ट केले जातात. गाडी खाली ठेवली की ते बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहतात. पिळलेले रबर स्वतःच एक जादा स्प्रिंग होऊन बसते, त्यामुळे गाडी विनाकारण कडक लागते आणि बुश वर्ष-दीड वर्षात फाटतात. बोल्ट आधी हलके ठेवून, गाडी चाकांवर उभी करून, थोडी हलवून मगच घट्ट करावेत. जुने माउंट, बेअरिंग आणि बंप स्टॉप त्याच वेळी बदलावेत, कारण मजुरी एकदाच पडते. नवा बंप स्टॉप संचासोबत आलेला असेल तर त्याला ब्लेड लावू देऊ नये. ‘अर्धा कापला की गाडी मऊ होते’ हे खरे आहे, पण धातूवर धातू आपटेपर्यंतच. अलाइनमेंट लगेच आणि पुन्हा पाचशे किलोमीटरनंतर, स्प्रिंग बसल्यावर, करावी. हेडलॅम्पचा झोतही जुळवून घ्यावा.

घाटासाठी गाडी उतरवणाऱ्यांना सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट अशी. पोलोच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या खांबात बसवलेली रचना आहे. त्या रचनेत गाडी खाली आली की गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो, त्याहून अधिक खाली तो बिंदू जातो ज्याभोवती गाडीचे पुढचे अंग वळणावर कलते. त्यामुळे फार खाली आणलेली गाडी त्याच स्प्रिंगवर वळणात कमी नव्हे, उलट जास्त कलू पाहते. पसरणीच्या वळणांवर पकड वाढावी असे मनात असेल, तर 25 मिलीमीटर आणि चांगले शॉक यांनी जे मिळेल, ते 45 मिलीमीटरने मिळणार नाही.

पुढच्या-मागच्या स्प्रिंगची जोडीही मोडू नये. मॉरिस ओली या अभियंत्याने 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिले, की मागची झुलण्याची गती पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवली तर गाडी पुढे-मागे डुलत नाही. ताशी 60 च्या वेगाने पुढचे चाक उंचवट्यावर गेल्यावर पोलोचे मागचे चाक सुमारे 0.15 सेकंदाने तिथे पोचते. मागची बाजू किंचित चपळ असेल तर उशिरा सुरू झालेला तिचा झोका पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट राहते. केवळ पुढच्या स्प्रिंग कडक करणाऱ्यांच्या गाड्या घोड्यासारख्या चालतात त्या यामुळे. आईला शक्यतो पुढच्या आसनावर बसवावे. तिथे दोन्ही आसांच्या मधल्या भागाजवळ डुलणे सर्वांत कमी जाणवते, आणि या उपायाला पैसे पडत नाहीत.

कायद्याचेही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार वाहनाचा नोंदणीतील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याचा काटेकोर अर्थ लावला आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ‘आरसीवर स्प्रिंगची नोंद कुठे असते’ हा गॅरेजमधला युक्तिवाद अपघातानंतर विमा कंपनीपुढे उपयोगी पडेल, असे मी आपल्याला सांगू शकत नाही. आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी. मूळ स्प्रिंग आणि शॉक जपून ठेवावेत.

एवढे वाचूनही इच्छा कायम असेल, तर क्रम असा ठेवावा : आधी मूळ मापाचे नवे शॉक आणि 195/55 आर 16 टायर बसवून महिनाभर गाडी चालवावी. फट तरीही खटकली, तर आखूड शॉकसह 20 ते 25 मिलीमीटरच्या स्प्रिंग घ्याव्यात. यात शॉकचा खर्च दोनदा होण्याची शक्यता आहे हे मी जाणतो. पण निम्म्याहून अधिक लोक पहिल्या टप्प्यावरच समाधानी होतात असे मी पाहिले आहे.

प्रश्न : माझ्या 2005 सालच्या वॅगन आरच्या मागच्या स्प्रिंगचे वेढे आधीच्या मालकाने कापलेले आहेत. पावसात जोराने ब्रेक दाबला की मागची चाके लॉक होऊन गाडी आडवी होऊ पाहते. मागच्या ॲक्सलला काडी आणि बारीक स्प्रिंगने जोडलेला एक व्हॉल्व्ह आहे. तो बिघडला असून काढून टाकावा, असे फिटरचे म्हणणे आहे. काढू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कृपया काढू नका. तो व्हॉल्व्ह बहुधा बिघडलेला नसून त्याची फसवणूक झाली आहे. त्याला एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह), म्हणजे भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह म्हणतात. मागे माणसे व सामान भरले की गाडीचे शरीर ॲक्सलच्या जवळ येते, काडी हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, कारण भरलेली मागची चाके तो दाब पेलू शकतात. स्प्रिंग कापल्यामुळे आपली रिकामी गाडीही त्याला कायम भरलेली वाटते. तो काढला तर रिकाम्या गाडीत मागचा दाब आवरणारे काहीच उरणार नाही. मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग टाकाव्यात, काडीची बैठक कार्यशाळेच्या पुस्तिकेप्रमाणे जुळवावी आणि ब्रेक ऑइल बदलून घ्यावे. हे होईपर्यंत पावसात गाडी बाहेर काढू नये, आणि काढावीच लागली तर पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. इथे घेतलेल्या जुन्या फोक्सवॅगन गोल्फवर 30 मिलीमीटर उतरवणाऱ्या स्प्रिंग आधीपासून बसवलेल्या आहेत. त्याचे कोणतेच कागद मिळालेले नाहीत. भारतात असते तर मी दुर्लक्ष केले असते. इथे काय करावे?
– एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : तिथे दुर्लक्ष करू नका, आणि खरे तर इथेही करायला नको होते. जर्मनीत गाडी उतरवण्यास मनाई नाही, पण स्प्रिंगसोबत ‘टाइलेगुटआख्टन’ म्हणजे त्या भागाचा तपासणी अहवाल असावा लागतो आणि बसवल्यावर गाडी ट्यूफ किंवा डेक्रासारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तपासनिसाला दाखवून नोंद करून घ्यावी लागते. तशी नोंद नसेल तर गाडीचा रस्त्यावर चालवण्याचा परवानाच रद्द ठरू शकतो, आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. स्प्रिंगवर रंगाने किंवा कोरून क्रमांक लिहिलेला असतो. तो स्वच्छ पुसून वाचावा आणि निर्मात्याकडे अहवालाची प्रत मागावी. आयबाख आणि एच अँड आर हे या धंद्यातले दोन मोठे कारखाने ओल्पे या एकाच जिल्ह्यात, फिनेनट्रोप आणि लेनेश्टाट या शेजारच्या गावांत आहेत. त्यांचे अहवाल क्रमांकावरून सापडतात. क्रमांकच वाचता येत नसेल तर स्प्रिंग बदलणे हाच स्वस्त मार्ग. तपासनीस टायर कुठे घासतो का ते पाहतो आणि हेडलॅम्पचा झोतही तपासतो. त्यामुळे अलाइनमेंट आणि दिवे आधी जुळवूनच गाडी न्यावी.

प्रश्न : आपल्याकडे बहुतेक पत्रे गाडी खाली आणण्याची येत असतील, माझे उलट आहे. माझी होंडा सिटी घरी येणाऱ्या जांभ्याच्या रस्त्यावर पोटाला लागते. दुकानदाराने स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवायला सांगितले आहेत. गाडी दोन सेंटीमीटर वर जाईल असे तो म्हणतो.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जाईल, पण वेढा कापण्याचे सर्व तोटे सोबत घेऊन. बफर ज्या दोन वेढ्यांमध्ये बसतो ते वेढे काम करायचे थांबवतात. कार्यरत वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, शिवाय सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो. गाडी वर गेल्यामुळे शॉकचा खाली सुटण्याचा पल्लाही कमी होतो आणि खड्ड्यात चाक लटकताना ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. त्याआधी गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशी ताडून पाहावे. जुन्या गाडीच्या स्प्रिंग दबून आखूड झालेल्या असतात. नव्या मूळ स्प्रिंग टाकल्या की गेलेली उंची कडकपणा न वाढता परत मिळते. ते अंतर बरोबर निघाले, तर किंचित जास्त व्यासाचा टायर बसतो का ते पाहावे. आणि जांभ्याच्या रस्त्यात नेमका कुठला दगड लागतो तेही एकदा उतरून पाहावे. माझ्या एका नातेवाइकांच्या बाबतीत तो एकच दगड होता, आणि तो पहारीने निघाला.